गूळ-चुन्याचा सायलेन्सर

मोटारीच्या सायलेन्सरच्या आत काय असतं, हा प्रश्न मला पंचविशी उलटेपर्यंत पडला नव्हता. मी सोलापुरात एका दैनिकात उपसंपादक होतो. मोटारीत बसण्याचे प्रसंग थोडे, आणि बसलो तरी लक्ष खिडकीबाहेर. पुढे या प्रश्नाचं उत्तर मी डोळ्यांनी पाहिलं, माझ्या घरमालकांच्या अंगणात. ते पाहताना तिथल्या कुणालाच निवांतपणा नव्हता, कारण त्या पत्र्याच्या नळकांड्यावर घरमालकांचं पुढचं आयुष्य मिलमध्ये जाणार की बाहेर, हे अवलंबून होतं.

सत्तरच्या दशकाचा मधला काळ. घरमालक मूळचे सांगोल्याकडचे. वडील मेंढरं राखत. हे तरुणपणी शहरात आले आणि मिलमध्ये कापसाच्या गाठी फोडून पिंजण्याच्या खात्यात लागले. तिथली हवा पांढरी असे. काही वर्षांनी त्यांना खोकला लागला. सुट्टीच्या दिवशी कमी व्हायचा आणि कामावर गेलं की पुन्हा उसळायचा. डॉक्टरांनी औषध दिलं, पुन्हा दिलं आणि शेवटी खातंच सोडायला सांगितलं. त्यांनी गावाकडचा वाटा विकून एका कापड व्यापाऱ्याची जुनी मोटार घेतली आणि टॅक्सी सुरू केली. स्टेशनवरून अक्कलकोट, पंढरपूर, कधी वेळापूर, नातेपुते. खोकला अगदी गेला नाही, पण घरात सगळ्यांना झोप लागू लागली.

“पेपरवाले,” ते मला एकदा म्हणाले होते, “त्या खात्यात मानूस काळा आत जातो आन् पांढरा भायेर येतो. बायकू वळखंना झाली म्हून सोडलं.”

“वळखत हुती की,” आतून वहिनी म्हणाल्या. “खोकल्यावरनं.”

मोटार विलायती बनावटीची होती. त्या तऱ्हेची गाडी बनवणं केव्हाच बंद झालं होतं. मालक ती रोज अंगणात मागे घेत घेत आणून लावत, तोंड रस्त्याकडे आणि शेपूट घराच्या उंबऱ्याकडे. सकाळी घाईत निघता यावं म्हणून. त्यामुळे सायलेन्सरच्या नळीचं तोंड बरोबर वहिनींच्या रांगोळीवर येई. वहिनी पहाटे सडा टाकून रांगोळी काढत. मालक गाडी सुरू करत. पहिल्या धडाक्याला रांगोळीची कमळं उडून उंबऱ्यावर बसत.

“गाडी पुढं घेऊन चालू करा की वो!”

“चालू केल्याबिगर पुढं कशी घेऊ? ढकलतीस का?”

हा संवाद मी माडीवरच्या माझ्या खोलीत जवळपास रोज ऐकत असे. वहिनी रांगोळीची जागा बदलायला तयार नव्हत्या आणि मालक गाडीची.

टॅक्सीला दर वर्षी मोटार वाहन कार्यालयात तपासणीला न्यावं लागे. सगळे तिला पासिंग म्हणत. पासिंग झालं नाही तर गाडी भाड्याने चालवता येत नाही. आदल्या वर्षी निरीक्षकांनी सायलेन्सरचं गंजलेलं भोक दाखवून बजावलं होतं, पुढच्या वेळी हे असंच दिसलं तर गाडी परत पाठवीन. वर्षभरात भोक मोठं झालं. गाडी आमच्या गल्लीत शिरण्याआधी तिचा आवाज शिरू लागला.

विजापूर वेशीजवळच्या एका मिस्त्रीकडे मालकांच्या गाडीचं काम असे. त्याने पुण्याला, मुंबईला विचारून पाहिलं.

“नवा नै मिलता, शेठ,” तो म्हणाला. “इस गाडी के बनानेवाले भी बुड्ढे हो के मर गये होंगे.”

“मग जोड लाव.”

“किस को जोड लगाऊँ? पत्रा नै, पापड हुआ है. वेल्डिंग की आग दिखाये तो दूसरा छेद पडता.”

त्याच सुमारास मिलमधल्या त्यांच्या जुन्या जॉबरचा निरोप आला. जॉबर म्हणजे खात्यातल्या कामगारांवरचा माणूस. बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, घ्यायला एक जागा निघाली होती, त्याच पिंजण्याच्या खात्यात. जॉबरने ओळखीखातर ती पासिंगच्या दिवसापर्यंत राखून ठेवायचं कबूल केलं होतं. गाडी पास झाली तर टॅक्सी, नाही तर पुन्हा मिल. घरात दोन लहान मुलं होती आणि दुसरं काम माहीत नव्हतं. मालक याबद्दल फार बोलत नसत. वहिनी तर अजिबात नाही.

अशा वेळी वहिनींचे वडील संक्रांतीच्या आधी मुक्कामाला आले. ते वेळापूरकडचे गवंडी, जुन्या पद्धतीचे. त्यांनी हयातभर चुन्यात काम केलं होतं आणि सिमेंटबद्दल त्यांचं मत वाईट होतं. त्यांनी भोकात बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, “पाव्हणं, ह्येला चुना भरू या की.”

“लोखंडाला चुना?”

“चुन्यात गूळ घातला की त्यो लोखंड म्हनत न्हाय, दगूड म्हनत न्हाय. धरला की धरला. हिरींचं बांधकाम कशावर हुबं हाय?”

जुन्या बांधकामात चुन्यात गुळाचं पाणी घालत, हे मी ऐकून होतो. प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं म्हणून सुट्टीच्या दिवशी खाली उतरून बसलो. सासऱ्यांनी भिजवलेला चुना घेतला, त्यात बारीक वाळू, तागाचे बोटभर तुकडे आणि गुळाचं दाट पाणी घातलं, आणि लाकडी दांडक्याने ते सगळं दुपारपर्यंत कुटलं. गूळ करकंबचा होता. तिकडच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने दिलेली ढेप वहिनींनी संक्रांतीच्या पोळ्यांसाठी ठेवली होती.

“पोळीला गूळ घेतला तर हात आखडता धर म्हनतासा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “आन् गाडीला आख्खी ढेप!”

“गाडी ऱ्हायली तर फुडल्या संक्रांतीला पोळी.”

“तुज्या बापाचं डोस्कं हाय ह्यात,” सासरे म्हणाले. “गप बस.”

इथपर्यंत ठीक होतं. भोक बाहेरून बुजवलं असतं तर कदाचित काहीच घडलं नसतं. पण गवंड्याचा एक नियम आहे आणि तो नियम चुकीचा नाही. हौद गळायला लागला की गिलावा आतून करायचा. सासऱ्यांनी तो आम्हाला समजावून सांगितला.

“भायेरनं किती बी लिंपा, गळायचा ऱ्हातो. का? पानी आतनं रेटतंय. मग अडवायचं कुटं? आतनं. ह्या नळकांड्यात धूर आतनंच रेटतोय का न्हाय?”

“व्हय की,” मालक म्हणाले.

मलाही ते पटलं. अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला पटलं. सायलेन्सर गाडीखालून काढला होताच. सासऱ्यांनी मिश्रण ताकासारखं पातळ केलं, त्यात उरलेला गूळ घातला, आणि भोकातून ते आत ओतलं. मग सासऱ्यांनी एक टोक आणि जावयाने दुसरं धरून ते नळकांडं सावकाश फिरवलं, घावनाचं पीठ तव्यावर फिरवावं तसं. उरलेलं मिश्रण उलटं करून काढून टाकलं. निदान सगळं निघालं असं सगळ्यांना वाटलं. बाहेरून जाड चुना, त्यावर पत्र्याची पट्टी आणि तारेचे वेढे. दोन-तीन दिवस उन्हात वाळवून सायलेन्सर जागेवर बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळीच्या तोंडातून मुंग्यांची रांग आत जात होती. मालकांनी गाडी सुरू केली तेव्हा मुंग्यांचं काय झालं ते कळलं नाही, पण गाडीचा आवाज खरोखर गेला होता. खाली शिवणयंत्र चालू असावं एवढाच काय तो.

“आता ऐका,” मालक मला म्हणाले. “काय ऐकू येतंय का?”

“नाही.”

“त्येच तर.”

सासरे त्या दिवशी सोप्यावर अंमळ ताठ बसले होते.

पहिली लांबची खेप नातेपुत्याची होती. जाताना गाडी चांगली चालली. परतताना करकंबच्या पुढे आल्यावर गाडीत गूळ कढत असल्याचा वास येऊ लागला. त्या दिवसांत त्या बाजूला जागोजाग गुऱ्हाळं चालू असतात. मालकांनी छाती भरून वास घेतला आणि मागे बसलेल्यांना म्हणाले, “औंदा काकवी लई झाक उतरलीय.” मागच्यांनीही होकार दिला. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. वास गुऱ्हाळांबरोबर मागे पडला नाही, पुढे मोकळ्या माळावरही बरोबर आला, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतर गाडीतला दम कमी होऊ लागला. एकदम नाही. आज थोडा, उद्या आणखी थोडा. सपाट रस्त्यावर ती चाले, पण चढ आला की थकून जाई. सोलापुरात चढ म्हणण्यासारखे थोडेच आहेत. त्यांतला एक रेल्वेच्या पुलाचा. पंधरवडा झाला असेल, गाडी त्या पुलाच्या अर्ध्यावर थांबू लागली. एकदा उतारूंना खाली उतरून चालावं लागलं. त्यांच्यातले एक आजोबा खिडकीशी येऊन म्हणाले, “डायवर, आता आमीच चालतोय तर भाडं तू आमाला दे की.”

मिस्त्रीने आधी पेट्रोलला दोष दिला. “घासलेट मिलाया है.” टाकी रिकामी करून धुतली, दुसरीकडचं पेट्रोल भरलं. फरक पडला नाही. मग त्याने कार्बोरेटर सोडवून फडक्यावर मांडला आणि फुंकून पुन्हा जोडला. मग प्लग. मग हवेची जाळी. मग इंजिनाचं वरचं झाकण उघडून झडपा पाहिल्या. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी पुलावर नेत आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडी खालीच ती थांबे. मला वेळ असला की मी वजन म्हणून मागे बसत असे. सायलेन्सर तपासायचं कुणालाच सुचलं नाही, कारण अख्ख्या गाडीत नुकतीच पक्की दुरुस्ती झालेली वस्तू तेवढी एकच होती. मिस्त्रीने एकदा खाली वाकून तारेचे वेढे पाहिले होते आणि सासऱ्यांना म्हणाला होता, “चाचा, ये तो तुमने किला बांध दिया.”

पासिंग परवावर आलं. मिस्त्री सकाळीच घरी आला होता आणि गाडीच्या तोंडात कमरेपर्यंत वाकला होता. मालक पायरीवर बसले होते. त्यांचा खोकला पुन्हा सुरू झाला होता, मिलमध्ये न जाताच.

“ऱ्हाऊ दे मिस्त्री,” ते म्हणाले. “दुपारी जॉबरला सांगून येतो, जागा धर म्हून.”

“एक बार झडपा और देखता, शेठ.”

“किती बार बघशील? झडपा बी लाजल्या असतील.”

वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याचं बोलणं ऐकलं होतं. सोप्यावर त्यांचे वडील मान खाली घालून सुपारी कातरत बसले होते. इतक्या दिवसांत सगळे आपापल्या परीने चुकत होते आणि म्हातारा उगीचच अवघडल्यासारखा झाला होता. त्याला बरं वाटावं म्हणून असेल, वहिनी मोठ्याने म्हणाल्या, “कुणी काय बी म्हना, आमच्या आबांनी येक काम ब्येस केलं. चुना भरल्यापास्नं माजी रांगोळी येकदा बी उडाली न्हाय. गाडीला वळण लागलं.”

मिस्त्रीचा पाना थांबला. तो सावकाश ताठ झाला.

“क्या बोले, भाभी? क्या नै उडा?”

“रांगोळी. आदी रोज उडायची. आता बगा की, जशीच्या तशी हाय.”

गाडीमागे पांढरी-तांबडी कमळं खरोखरच रेघही न मोडता शाबूत होती. त्या सकाळी गाडी चार-पाच वेळा सुरू करून झाली होती. मिस्त्रीने मालकांना पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि मागे येऊन नळीच्या तोंडापुढे तळहात धरला. मग मला बोलावलं. मीही हात धरला. झोपलेल्या माणसाच्या नाकाशी धरल्यावर लागेल एवढी ऊब होती, जास्त नाही. इंजिन पुढे धडपडत होतं आणि मागे काहीच पोचत नव्हतं.

“बाहर निकलने को रस्ता नै,” मिस्त्री म्हणाला, “तो अंदर आने को जागा किधर से मिलती?”

एवढी साधी गोष्ट होती ती. पुढे गाड्यांच्या त्याच नळीत धूर निवळणारी बारीक जाळी आली, आणि ती तुंबली की गाडी अशीच दम सोडते हे मी पाहिलं आहे. तेव्हा मात्र धुराला अडवल्याने गाडी अडते हे मला नवीन होतं. मी तोपर्यंत धूर म्हणजे गाडीने टाकून दिलेली वस्तू समजत होतो.

खात्री करण्यासाठी मिस्त्रीने सायलेन्सर सोडवून बाजूला ठेवला आणि गाडी तशीच सुरू केली. गल्लीतली कुत्री पळाली, शेजारच्या घरातला हातमाग थांबला, आणि पलीकडून कुणीतरी तेलुगूत ओरडून काहीतरी विचारलं. मालक, मिस्त्री आणि मी तशाच गर्जना करत पुलावर गेलो. गाडी न थांबता वर चढली आणि पलीकडे उतरली. मालकांनी तिथून वळवून ती पुन्हा चढवली. मग आणखी एकदा. मिस्त्री कानांवर हात ठेवून “बस करो शेठ, बस करो,” म्हणत होता. मालकांना ऐकू गेलं नसावं.

घरी आल्यावर मिस्त्रीने सायलेन्सर करवतीने लांबीत चिरला. मी जवळ जाऊन पाहिलं. आत भोकं पाडलेल्या दोन नळ्या शेजारी शेजारी होत्या आणि मध्ये तीन आडवे पत्रे होते, त्यांनाही भोकं. धूर एका नळीतून येतो, भोकांतून पसरतो, पत्र्यावर आपटतो, वळतो, दुसऱ्या नळीत शिरतो. या येरझाऱ्यांत त्याचा आवाज मरतो. आत दुसरं काही यंत्र नव्हतं. नुसती वळणं.

ती सगळी वळणं एका काळ्या पदार्थाने भरून गेली होती. मी त्याचा तुकडा हातात घेतला. वजन जवळजवळ नव्हतं. अनारशासारखी जाळी पडली होती आणि बोटांत दाबला की तो कुरकुरत मोडत होता. आत साचलेल्या मिश्रणातला गूळ तापून फुगला होता, फुगून कोळसा झाला होता, आणि जिथे जिथे भोक होतं तिथे जाऊन बसला होता. करकंबच्या रस्त्यावर आलेला वास त्याचाच.

सासरे उठून आले. उकिडवे बसून त्यांनी दोन्ही अर्धे भाग बराच वेळ न्याहाळले. एक तुकडा जिभेला लावून थुंकला.

“गोडी गेली,” ते म्हणाले. मग बाहेरच्या भोकावरचा चुना त्यांनी नखाने खरवडून पाहिला. तो हलला नाही. “चुना सुटला न्हाय हं, पाव्हणं. बगा तुमी. गुळानं दगा दिला.”

“आबा,” मालक म्हणाले, “हौदाचं काम गाडीत कशाला आनलं आपन?”

“हौदात कुटं इस्तू पेटत असतोय? मला काय ठावं.” मग मालकांकडे बघून म्हणाले, “तुमाला तरी कुटं ठावं हुतं?”

वहिनींनी तेवढं विचारलं, “म्हंजी माज्या पोळ्यांचा गूळ ह्येच्यात जळून बसला व्हय?” आणि मग हसल्या. त्या पंधरवड्यात त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं असावं.

एक दिवस हातात होता. आतल्या नळ्या आणि पत्रे जाड होते. मिस्त्रीने ते भट्टीत लाल होईपर्यंत तापवले, काळं सगळं जळून गेलं, आणि ठोकल्यावर भोकं मोकळी झाली. प्रश्न बाहेरच्या खोळीचा होता. तेवढ्या जाडीचं गोल नळकांडं हवं होतं. मालक थोडा वेळ विचार करून म्हणाले, “मिलचा डबा चालंल का?”

मिलमध्ये पिंजलेल्या कापसाचा सैल दोर यंत्रातून उतरून पत्र्याच्या उंच गोल डब्यांत जमा होतो. जुने झालेले डबे मिल भंगारात काढते. मिलच्या फाटकासमोरच्या भंगारवाल्याकडे ते मिळत. मालकांनी असले डबे वर्षानुवर्षं पाहिले होते. आम्ही दोघं गेलो. भंगाराच्या ढिगात मालक एकेक डबा ठोकून पाहत असताना समोरच्या हॉटेलातून चहाचा पेला हातात घेऊन एक माणूस बाहेर आला. पांढरी टोपी, भुवयांवर कापसाचे तंतू. तो जॉबर होता.

“आलास की!” तो म्हणाला. “मला वाटलंच. उद्यापास्नं ये मग, परवाची वाट कशाला बगतोस?”

“मी डबा न्यायला आलोय.”

“कसला डबा?”

“ह्यो. गाडीला बसवायचाय.”

जॉबरने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मी शहाणा दिसतो का हे बघावं तसं. “गाडीला आमच्या खात्याचा डबा? आरं, खातं सोडून गेलास आन् डबा गळ्यात बांधून घेतोस व्हय?”

“गळ्यात न्हाय. शेपटाला.”

जॉबर हसला, पण लगेच गंभीर झाला. “हे बग, परवा दुपारपातूर जागा हाय. मग दुसरा बसवीन. मला बी वरनं बोलनी बसत्यात.”

“परवा दुपारी सांगतो,” मालक म्हणाले आणि डबा खांद्यावर घेतला. फाटकातून भोंगा झाला, पाळी सुटली आणि पांढरी झालेली माणसं बाहेर पडू लागली. मालकांनी नाकाला पंचा लावला. रस्ता ओलांडेपर्यंत काढला नाही.

मिस्त्रीने डबा कापून, गुंडाळून दुहेरी केला, त्यात नळ्या आणि पत्रे बसवले आणि कडा वेल्डिंगने बंद केल्या. हा पत्रा आग सोसत होता. पूर्ण झालेली वस्तू थोडी ओबडधोबड होती. “सायलेन्सर है या अचार की बरनी?” मिस्त्री स्वतःच म्हणाला. सासरे हात मागे बांधून लांबून पाहत होते. सांधे बुजवायला काही लावायचं का, असं त्यांनी हळूच विचारलं. “नक्को चाचा,” मिस्त्री म्हणाला, “तुम दूर से दुवा देव.” संध्याकाळी गाडी पुलावर चढली. आवाज बेताचा होता, पहिल्यापेक्षा जरा खालच्या पट्टीत.

पासिंगच्या दिवशी मी रजा घेतली होती. कार्यालयाच्या मागच्या मैदानात गाड्यांची रांग होती. निरीक्षक उंच, कमी बोलणारे. दिवे, ब्रेक, भोंगा, टायर पाहून झालं. मग ते गाडीमागे येऊन वाकले.

“हा कुठला?”

“करून घेतलाय, सायेब. नवा मिळत न्हाय.”

“कशाचा?”

“डब्याचा.”

निरीक्षकांनी छडीने ठोकून पाहिलं. “सुरू करा.” आवाज ऐकला. मग त्यांनी शिपायाकडून एक फडकं घेतलं, त्याचा बोळा केला आणि नळीच्या तोंडात कोंबून तळव्याने दाबून धरला.

मालक सीटवर होते. आरशात त्यांना ते दिसलं असावं. त्यांनी दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकला. “सायेब, कोंबू नका! तसं केलं की बंद पडतीया!”

इंजिन दोनदा आचके देऊन बंद पडलं.

मालक तसेच, एक पाय आत आणि एक बाहेर. पंधरवडाभर त्यांनी याच एका गोष्टीशी झुंज दिली होती आणि ती पुन्हा घडली होती, तीही नको त्या जागी. मला वाटलं, संपलं. निरीक्षकांनी बोळा ओढून काढला, फडकं शिपायाच्या हातात दिलं आणि कागदावर काहीतरी लिहू लागले.

“गळती नाही,” ते म्हणाले.

“आं?”

“कुठे गळत असतं तर धूर तिथून गेला असता आणि इंजिन चालू राहिलं असतं. बंद पडलं म्हणजे सांधे पक्के. पास आहे. पुढची गाडी घ्या.”

मालक गाडी सुरू करायचं विसरले. मागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला तेव्हा त्यांनी पाय आत घेतला.

परतताना ते मिलच्या रस्त्याने गेले. फाटकासमोर गाडी थांबवून हॉटेलातल्या जॉबरला त्यांनी आतूनच हात हलवून ‘नाही’ अशी खूण केली. जॉबरने मान डोलावली आणि आपल्या पेल्याकडे वळला. तेवढ्यावर ते आटोपलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम खिडकीत उभा होतो. आता तरी कुणीतरी जागा बदलेल असं मला वाटलं होतं. वहिनींनी सडा टाकला आणि रांगोळी काढली, नेमकी नळीच्या तोंडासमोर, नेहमीपेक्षा जरा मोठी. मालकांनी गाडी सुरू केली. पहिल्याच धडाक्याला कमळाच्या पाकळ्या उंबऱ्यावर गेल्या. वहिनी कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. रागावल्या नाहीत. मी त्या घरात असेपर्यंत रोज सकाळी असंच चाले. त्या रांगोळी काढत, गाडी सुरू होईपर्यंत थांबत, आणि मग मोठ्याने म्हणत, “उडाली. जावा आता.”